अक्षहृदय आणि पोकरची पुस्तके

तंजावरच्या मराठी वाचकाला नलकथा तीन वाटांनी भेटते. पहिली वाट मराठीची: रघुनाथ पंडितांचे ‘नलदमयंती स्वयंवराख्यान’ आणि त्यातला हंस. दुसरी तमिळची: पुगळेंदीचे ‘नळवेण्बा’. स्वयंवर, कलीचे लागणे आणि कलीचे सुटणे अशी त्याची तीन कांडे आहेत. तिसरी वाट देवळाची. इथून पूर्वेला कारैकलजवळ तिरुनळ्ळार आहे. (हे कारैकल १७३९ मध्ये तंजावरच्या मराठा राज्याकडूनच फ्रेंचांकडे गेले.) नळाची शनिपीडा तिथे सुटली अशी श्रद्धा आहे, आणि शनिपालटाच्या वर्षी नळतीर्थात स्नान करायला माणसांची रीघ लागते.

या तिन्ही वाटांनी जाणाऱ्याच्या मनात हंस राहतो, कली राहतो, तीर्थ राहते. महाभारताच्या वनपर्वात या कथेचा जो मधला सांधा आहे तो मात्र सहसा राहत नाही. नळ द्यूतात राज्य हरतो, आणि पुढे द्यूत शिकतो. जुगारात हरलेला माणूस रीतसर शिकून परत खेळायला बसतो, अशी आपल्याकडची ही फार जुनी गोष्ट. गेली काही वर्षे मी पोकर शिकवणारी इंग्रजी पुस्तके वाचतो आहे, आणि प्रत्येक पुस्तकाशी मला हा सांधा ताडून पाहावासा वाटतो.

प्रसंग असा आहे. बाहुक नावाने सारथी झालेला नळ राजा ऋतुपर्णाचा रथ विदर्भाकडे हाकतो आहे. वाटेत बेहड्याचे झाड लागते. ऋतुपर्ण सहज सांगतो, की खाली पडलेली पाने आणि फळे झाडावरच्यांपेक्षा एकशे एकाने जास्त आहेत. दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आहेत आणि दोन हजार पंचाण्णव फळे. नळ रथ थांबवतो. राजाला घाई आहे, पण नळ ऐकत नाही. तो झाड तोडून फळे मोजतो. आकडा जुळतो. मग ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय देतो, बदल्यात अश्वहृदय मागतो आणि ते पुढे कधीतरी घेईन म्हणून नळाकडेच ठेवतो. ही विद्या मिळताच कली नळाच्या देहातून विष ओकत बाहेर पडतो.

झाड बेहड्याचेच असावे यात कवीची योजना आहे. जुन्या काळी बेहड्याची फळेच फासे म्हणून वापरत, आणि त्या द्यूतात ढिगातल्या फळांची संख्या झटकन ओळखण्याला मोल होते, असे अभ्यासक सांगतात. म्हणजे ऋतुपर्णाची मोजणी हीच द्यूताची मोजणी. संभाव्यतेच्या कल्पनेचा इतिहास लिहिणाऱ्या इयन हॅकिंगनेही या प्रसंगाची दखल घेतली ती याच कारणाने. पण मला महत्त्वाचे वाटते ते नळाचे थांबणे. गुरू समोर आहे, राजा आहे, उशीर होतो आहे; तरी शिष्य आधी पडताळून पाहतो. आणि कली जातो तो स्नानाने नव्हे, कळल्याने. कली म्हणजे काय हे पत्ते खेळणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. आपण त्याला इरेला पेटणे म्हणतो. पोकरवाले ‘टिल्ट’ म्हणतात.

आता पोकर. ज्यांना रमी आणि तीन पत्ती ठाऊक आहे त्यांना त्याचा साचा लगेच कळेल. सर्वांत रूढ प्रकारात प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात, पाच पत्ते टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी उघडे होतात, आणि प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे, वाढवायचे किंवा डाव सोडायचा. बाकी सगळ्यांनी डाव सोडला तर पत्ते न दाखवताही जिंकता येते. या खेळाची खरी अडचण एका हिशोबात दिसते. समजा, मध्यावर ३०० रुपये आहेत आणि समोरच्याने आणखी १०० लावले. मला १०० देऊन ४०० मिळवायची संधी आहे. माझी जिंकण्याची शक्यता चारात एक असेल तर खेळणे बरोबर: चार वेळांत एकदा ४०० येतील, तीनदा शंभर-शंभर जातील, शंभर उरतील. पण याचाच अर्थ असा, की बरोबर निर्णय घेऊनही चारातल्या तीन वेळा मी हरणार. बुद्धिबळात चूक केली की पट शिक्षा करतो. पोकरमध्ये बरोबर खेळणाऱ्याला शिक्षा होते आणि चुकणाऱ्याला बक्षीस मिळते. म्हणून या खेळात अनुभव हा गुरू नव्हे. अनुभवापासून शिष्याला कसे वाचवावे, हाच प्रत्येक शिक्षणपद्धतीपुढचा प्रश्न आहे, आणि पुस्तकांची पारख मी याच प्रश्नावर करतो.

पहिली पद्धत उस्तादांची. डॉयल ब्रन्सनचे ‘सुपर सिस्टम’ १९७० च्या दशकाच्या अखेरीस आले. त्याने पोकरच्या एकेका प्रकारासाठी एकेक जाणकार गाठला, त्याच्याकडून प्रकरण तयार करून घेतले आणि आजवर टेबलाबाहेर न गेलेली विद्या छापून टाकली. घराण्याची चीज कुणीतरी नोटेशनसह प्रसिद्ध करावी तसा हा प्रकार. पुस्तकाचा बाज फुशारकीचा आहे, पण तो उसना वाटत नाही. अडचण वेगळीच आहे. ब्रन्सन १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षे जगज्जेता झाला, आणि दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्याच्या हाती दश्शी आणि दुर्री होती. ही जोडी दुबळी. ती खेळावी असे कोणतेच पुस्तक शिकवत नाही. तरी आज ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. उस्तादाकडून शिकण्यातला धोका यात पुरता आला: शिष्य विद्या विसरतो आणि विजय पाठ करतो.

दुसरी पद्धत सिद्धान्ताची. डेव्हिड स्क्लान्स्कीचे ‘द थिअरी ऑफ पोकर’ १९८७ चे. त्याचा मूळ सिद्धान्त थोडक्यात असा: समोरच्याचे पत्ते दिसत असते तर तुम्ही जसे खेळला असता, त्याहून वेगळे खेळलात की तुमचे नुकसान आणि त्याचा फायदा. वाक्य साधे आहे, पण त्याने मोजपट्टी बदलली. डाव कोण जिंकला हा प्रश्न बाजूला पडला; निर्णय कसा होता हा पुढे आला. स्क्लान्स्कीचे गद्य रूक्ष आहे, दृष्टान्त पाठ्यपुस्तकी आहेत, माणसे जवळजवळ नाहीत. तरी शिष्याला निकालापासून वाचवण्याचे काम या रूक्ष पुस्तकाने ब्रन्सनच्या रंगतदार पुस्तकापेक्षा चांगले केले, असे माझे मत आहे. ऋतुपर्णाच्या मोजणीशी त्याचे नाते सरळ आहे. उणीव एवढीच, की कलीबद्दल त्याला फारसे सांगायचे नाही. हिशोब येणाऱ्यालाही रात्री दोन वाजता इरेला पेटता येते.

तिसरी पद्धत यंत्राची. २०१७ च्या जानेवारीत पिट्सबर्गमध्ये ‘लिब्रेटस’ हा कार्नेगी मेलन विद्यापीठाचा संगणक-कार्यक्रम चार व्यावसायिक खेळाडूंशी वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळला आणि जिंकला. तो माणसांचे डाव पाहून शिकलेला नव्हता. स्वतःशीच असंख्य डाव खेळून, प्रत्येक वळणावर दुसरी चाल केली असती तर किती बरे झाले असते, याची नोंद ठेवून तो तयार झाला. या नोंदीला संशोधक ‘रिग्रेट’ म्हणतात, म्हणजे पश्चात्ताप. तो कमी करत नेणे हीच त्याची साधना. नळाला रानात जे छळत होते त्याचेच इथे गणित झाले आहे, मात्र छळणूक वजा करून. आज पुष्कळ खेळाडू अशा कार्यक्रमांची उत्तरे तक्त्यांवरून घोकतात. माझी शंका नळाच्या बाजूची आहे: झाड तोडून मोजल्याशिवाय आकडा पाठ करणाऱ्याला अक्षहृदय मिळाले असे म्हणायचे का? उत्तर माहीत असणे आणि उत्तर असेच का, हे माहीत असणे, यांतले अंतर घोकंपट्टीने भरत नाही. तक्त्यात नसलेला डाव समोर आला की हे उघडे पडते.

चौथी पद्धत गुरुशिष्याची, आणि साहित्य म्हणून सर्वांत सरस पुस्तक तिच्यातूनच आले. मारिया कोनिकोव्हाचे ‘द बिगेस्ट ब्लफ’ (२०२०). ती मानसशास्त्रातली डॉक्टरेट मिळवलेली लेखिका. आजारपण, घरातला मृत्यू, नोकऱ्या जाणे अशी ओळीने संकटे आल्यावर, आयुष्यात आपल्या हाती किती आणि नशिबाच्या हाती किती हे समजून घेण्यासाठी ती पोकरकडे वळली. तेव्हा तिला खेळाचे नियमही येत नव्हते. गुरू मिळाला एरिक सायडेल, अनेक दशके टिकून राहिलेला खेळाडू. त्याची एक अट मला ऋतुपर्णाच्या तोडीची वाटते: समोरच्याला शेवटचा पत्ता कसा नशिबाने लागला आणि आपण कसे हरलो, हे रडगाणे त्याला ऐकवायचे नाही. तू काय विचार केलास तेवढे सांग. निकाल ऐकायलाच नकार देणारा गुरू म्हणजे अनुभवाच्या खोट्या धड्यांपासून शिष्याला वाचवणारा गुरू.

या पुस्तकावर माझा एक आक्षेप आहे. २०१८ च्या जानेवारीत कोनिकोव्हाने बहामात एक स्पर्धा जिंकली, ८४ हजार डॉलरांहून अधिक मिळवले. ही घटना पुस्तकाचा कळस बनते, आणि निकाल पाहू नका असे सांगणारे पुस्तक एका निकालाच्या बळावर वाचकाची खात्री पटवते. ती स्वतः सावध आहे, नशिबाचा वाटा ती पुनःपुन्हा मान्य करते. पण कथेची रचना तिच्या सावधपणापेक्षा बलवान ठरते. ती हरली असती तर तिची विद्या तेवढीच खरी असती, पुस्तक मात्र कदाचित आपल्यापर्यंत पोहोचले नसते. व्यासांच्या कथेतही हेच घडते. नळ पुष्कराला एकाच पणावर आव्हान देतो आणि जिंकतो. एका फेकीत विद्या सिद्ध होत नाही, हे आज पोकरचा नवशिका विद्यार्थीही सांगेल. कथेला शेवट हवा असतो आणि संभाव्यतेला शेवट नसतो. या भांडणात दोन्ही ठिकाणी कथा जिंकली आहे.

हे भांडण केवळ रसिकांचे नाही. टेबलावर तासाला तीसेक डाव होतात. ‘लिब्रेटस’च्या सामन्याइतके डाव बघायला माणसाला चार हजार तास लागतील: रोज पाच तास धरले तर आठशे दिवस. आपण शिकलो की केवळ नशीबवान होतो, हे कळायला असा मोठा काळ जावा लागतो, आणि तेवढ्या वेळात घर विकले जाऊ शकते. तमिळनाडूने हे पाहिले आहे. २०२२ च्या राज्य कायद्याने रमी आणि पोकर हे नशिबाचे खेळ ठरवून ऑनलाइन पैशांसाठी बंद केले. नोव्हेंबर २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते कौशल्याचे खेळ मानून त्यांना त्या यादीतून वगळले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या कायद्याने कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला ठेवून पैशांचे सगळे ऑनलाइन खेळ बंद केले. ‘हा कौशल्याचा खेळ आहे’ हे वाक्य मधल्या काळात जाहिरातीचे वाक्य झाले होते. वाक्य खोटे नाही. पण शिकता येते म्हणजे तुम्ही शिकलात असे नव्हे, आणि हा फरक स्पष्ट न करणारे शिकवणीचे पुस्तक, कितीही अचूक असले तरी, मला अपुरे वाटते. या कसोटीला कोनिकोव्हा बरीचशी उतरते, स्क्लान्स्की अर्धा उतरतो, ब्रन्सनला ती कसोटी मान्यच नसावी.

महाभारत मात्र नळापाशी थांबत नाही. ही कथा बृहदश्व ऋषी वनात युधिष्ठिराला सांगतात, आणि कथा संपल्यावर त्यालाही अक्षहृदय देतात. आता या शिष्याने त्या विद्येचे काय केले ते पाहावे. तो शकुनीकडे परत जात नाही. विराटाच्या दरबारी कंक नावाने राहतो, राजाशी द्यूत खेळतो, जिंकलेले गुपचूप भावांना देतो. आणि गोग्रहणानंतर आनंदात आलेला विराट खेळायला बसतो तेव्हा हाच कंक त्याला सांगतो, की द्यूतात दोष फार आहेत, ते टाळावे. युधिष्ठिर राज्य कसा हरला ते तू ऐकले असशील. थोड्याच वेळात, बृहन्नडेच्या स्तुतीवरून चिडलेला राजा फासा त्याच्या तोंडावर फेकून मारतो आणि त्याच्या नाकातून रक्त येते. अक्षहृदय जाणणारा माणूस स्वतःच्याच हरण्याचा दाखला परक्याच्या नावाने देतो, आणि तो ऐकला जात नाही. पोकर शिकवणाऱ्या ज्या पुस्तकात हे पान असेल, ते मला वाचायचे आहे.