केळापुरातून वाचलेला ‘अमेरिकन मतदार’

मिशिगन विद्यापीठातील अँगस कॅम्पबेल, फिलिप कॉन्व्हर्स, वॉरन मिलर आणि डोनाल्ड स्टोक्स या चार अभ्यासकांचा ‘द अमेरिकन व्होटर’ हा ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. मतदार कसा विचार करतो याचा अभ्यास करणाऱ्याला हा ग्रंथ आजही टाळता येत नाही. १९५२ आणि १९५६ च्या अध्यक्षीय निवडणुकांच्या वेळी घेतलेल्या मुलाखतींवरून या चौघांनी जो निष्कर्ष काढला, तो त्या काळी अनेकांना खटकला. सामान्य अमेरिकन माणूस जाहीरनामे वाचून पक्ष निवडत नाही. धर्म मिळतो तसा पक्ष त्याला आईबापांकडून मिळतो, आणि पुढे आयुष्यभर तो उमेदवाराकडे, धोरणाकडे, महागाईकडेही त्या पक्षाच्या चष्म्यातून पाहतो, असे त्यांचे म्हणणे होते.

आज हे म्हणणे जुने वाटत नाही, उलट ते अधिकच खरे ठरले आहे. अमेरिकेतील ध्रुवीकरणाची चर्चा मराठी वृत्तपत्रांतही भरपूर होते आणि तिचा शेवट बहुधा एकाच वाक्याने होतो: ‘आपल्याकडेही हेच घडले आहे.’ हे वाक्य मला तपासून पाहायचे आहे. तपासणीसाठी मी यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुका घेतला आहे. तो मला जवळून माहीत आहे, हे एक कारण. दुसरे कारण असे की, गेल्या दहा-बारा वर्षांत इथल्या मतदाराने जे केले, ते मिशिगनच्या चष्म्यातून नीट दिसतच नाही.

आधी अमेरिकेकडे पाहू. ज्या १९५६ च्या निवडणुकीवर हा ग्रंथ बराचसा उभा आहे, तिच्यात रिपब्लिकन आयझेनहॉवर मोठ्या फरकाने अध्यक्ष झाले, पण काँग्रेसची दोन्ही सभागृहे डेमोक्रॅटिक पक्षाकडेच राहिली. १९७२ मध्ये निक्सन यांनी ४९ राज्ये जिंकली, तरीही दोन्ही सभागृहे विरोधी पक्षाकडेच होती. म्हणजे पक्षनिष्ठा होती, पण तिला फटी होत्या. १९५० साली तर अमेरिकन राज्यशास्त्र परिषदेच्या एका समितीने दोन्ही पक्षांत पुरेसा फरक नाही अशी तक्रार करणारा अहवाल लिहिला होता. मतदारासमोर स्पष्ट पर्याय हवेत, असे त्या विद्वानांना वाटत होते. पुढच्या पिढ्यांना ते पर्याय मिळाले आणि त्यांची किंमतही मोजावी लागली. २०१६ मध्ये सिनेटच्या ज्या ३४ जागांसाठी निवडणूक झाली, त्या प्रत्येक राज्याने अध्यक्षासाठी आणि सिनेटसाठी एकाच पक्षाला कौल दिला. २०२० मध्ये एकटे मेन राज्य अपवाद ठरले. २०२४ मध्ये ॲरिझोना, नेवाडा, मिशिगन आणि विस्कॉन्सिन या चार राज्यांनी ट्रम्प यांना निवडले आणि सिनेटवर मात्र डेमोक्रॅट पाठवले. फटी पूर्ण बुजलेल्या नाहीत, पण त्या बातमीचा विषय व्हाव्यात इतक्या विरळ झाल्या आहेत.

हे का घडले, याचे मला पटलेले उत्तर लिलियाना मेसन यांच्या २०१८ च्या ‘अनसिव्हिल ॲग्रीमेंट’ या पुस्तकात आहे. पूर्वी एकाच पक्षात शहरी आणि खेडूत, चर्चला जाणारा आणि न जाणारा, दक्षिणेतला गोरा शेतकरी आणि उत्तरेतला कामगार एकत्र असत. एक ओळख माणसाला इकडे ओढी, दुसरी तिकडे. आता धर्म, वर्ण, प्रदेश, शहर-खेडे या साऱ्या ओळखी एकाच पक्षाच्या झेंड्याखाली एकावर एक रचल्या गेल्या आहेत. त्यामुळे पक्ष हरला की माणसाला आपले सगळेच हरले असे वाटते. याचा पुरावा लग्नाच्या प्रश्नातून मिळतो. १९६० च्या एका पाहणीत ‘तुमच्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न केले तर वाईट वाटेल का?’ असे विचारले असता, ‘हो’ म्हणणारे दोन्ही पक्षांत शंभरात पाचच्या आसपास होते. २०१० मध्ये रिपब्लिकनांपैकी सुमारे निम्म्या आणि डेमोक्रॅटांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांनी ‘हो’ म्हटले.

हाच प्रश्न मी पांढरकवड्यात ओळखीच्या चार घरी विचारून पाहिला. याला पाहणी म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण चारही ठिकाणी आधी हसू आले, आणि एका आजीने विचारले, ‘पक्षाचं काय घेऊन बसला बापू, सोयरीक कोणाकडची हाय ते सांग ना.’ अमेरिकेत पक्षाने जी जागा घेतली आहे, ती इथे आधीपासून जातीने भरलेली आहे. पक्षाला तिथे शिरायला वावच नाही.

आता केळापूरचा निवडणुकीचा इतिहास पाहू. पूर्वी अनुसूचित जमातीसाठी राखीव असा केळापूर विधानसभा मतदारसंघ होता. पुनर्रचनेनंतर २००९ पासून हा तालुका आर्णी या राखीव मतदारसंघात आहे आणि लोकसभेसाठी चंद्रपूरला जोडलेला आहे. काँग्रेसचे शिवाजीराव मोघे इथून अनेकदा निवडून गेले. २००४ मध्ये भाजपचे संदीप धुर्वे, २००९ मध्ये पुन्हा मोघे, २०१४ मध्ये भाजपचे राजू तोडसाम, २०१९ मध्ये भाजपचेच धुर्वे आणि २०२४ मध्ये पुन्हा तोडसाम, असा हा क्रम आहे. वरवर पाहता २०१४ नंतर हा भाजपचा गड वाटतो. पण २०१९ मध्ये उमेदवारी नाकारल्यावर तोडसाम अपक्ष उभे राहिले, धुर्वे मोघेंविरुद्ध जेमतेम तीन हजारांच्या फरकाने निघाले, तोडसाम मध्यंतरी भारत राष्ट्र समितीत जाऊन आले, आणि २०२४ मध्ये भाजपच्याच चिन्हावर जिंकले. समोर काँग्रेसकडून शिवाजीरावांचे चिरंजीव जितेंद्र मोघे होते.

याच मतदारांचे लोकसभेतले वागणे याच्या शेजारी ठेवून पाहावे. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रात काँग्रेसला एकच जागा मिळाली, ती चंद्रपूरची. ती जिंकणारे बाळू धानोरकर निवडणुकीच्या तोंडावर शिवसेनेतून आलेले होते, आणि त्यांनी केंद्रीय गृह राज्यमंत्री हंसराज अहीर यांना हरवले. त्यांच्या निधनानंतर ४ जून २०२४ च्या निकालात प्रतिभा धानोरकर काँग्रेसतर्फे सुधीर मुनगंटीवार यांच्यावर दोन लाख साठ हजारांहून अधिक मतांनी विजयी झाल्या. त्यानंतर साडेपाच महिन्यांनी, २३ नोव्हेंबरला, याच लोकसभा क्षेत्रातील सहापैकी पाच विधानसभा जागा भाजपने जिंकल्या. सहावी, वणीची, ठाकरे यांच्या शिवसेनेला मिळाली. मुनगंटीवारही बल्लारपुरातून निवडून आले. मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेचे दीड हजार रुपये आले हे खरे, त्याचा परिणामही झाला असणार. पण आज ज्याला ध्रुवीकरण म्हणतात ते इथे झाले असते, तर दीड हजारांनी एवढे हलले नसते. त्याच महिन्यात अमेरिकेतही अध्यक्षीय निवडणूक झाली, आणि तिथे दोन-चार टक्के मते इकडची तिकडे गेली तर विश्लेषक त्यावर ग्रंथ लिहितात.

मग केळापूरचा मतदार निष्ठाहीन आहे का? मिशिगनच्या प्रश्नावलीत त्याला ‘स्वतंत्र’ मतदार म्हणून नोंदवले जाईल आणि तिथेच चूक होईल. भाषाच पाहा. अमेरिकेत ‘इंडिपेंडंट’ हा शब्द मुख्यतः मतदाराला लावतात. सुमारे तीस राज्यांत मतदार नोंदणीच्या वेळी आपला पक्षही नोंदवू शकतो. मराठीत ‘अपक्ष’ हा नेहमी उमेदवार असतो. पक्ष सोडणे ही तिथे दुर्मीळ घटना आहे. २००१ मध्ये जिम जेफर्ड्स या एका सिनेटरने रिपब्लिकन पक्ष सोडला आणि सिनेटची सत्ता फिरली, ते नाव अजून सांगितले जाते. आपल्याकडे ‘पक्षांतर’ रोखायला १९८५ मध्ये घटनेला दहावे परिशिष्ट जोडावे लागले, २००३ मध्ये ते आणखी कडक करावे लागले, आणि तरीही २०२२-२३ मध्ये दोन पक्ष फुटून नाव-चिन्ह कोणाचे हे निवडणूक आयोगाला ठरवावे लागले. तिथे पक्ष मतदाराच्या अंगात असतो. इथे तो उमेदवाराच्या खिशात असतो आणि खिसा बदलता येतो. यवतमाळचे जांबुवंतराव धोटे १९७१ मध्ये फॉरवर्ड ब्लॉकचे म्हणून नागपुरातून लोकसभेत गेले आणि १९८० मध्ये इंदिरा काँग्रेसचे म्हणून. लोकांच्या लेखी ते दोन्ही वेळा धोटेच होते.

निष्ठा मात्र आहे, आणि ती वारशानेच येते. फक्त ती एक पायरी खाली आहे. आमच्याकडच्या खेड्यात ‘पार्टी’ म्हणजे गावातला गट. कोण कोणत्या पार्टीचा हे आजोबांपासून ठरलेले असते. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, पण बोलाचाली बंद होते ती याच निवडणुकीनंतर. विहिरीच्या पाळीपासून मांडवाच्या आमंत्रणापर्यंत तिचा माग दिसतो. बाजार समिती आणि सेवा सहकारी सोसायटीची कथा वेगळी नाही. विधानसभेला हा गट पुढारी पाहून वळतो, आणि पुढारी वळला की गटही वळतो. मिशिगनच्या अभ्यासकांना हवी असलेली घरातून आलेली निष्ठा शोधायची असेल, तर ती इथे शोधावी लागेल.

ओळखी एकावर एक रचलेल्या नसण्याचा एक फायदाही आहे. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री पांढरकवडा वनविभागात, राळेगाव तालुक्यातील बोराटीच्या जंगलात, अवनी ही वाघीण गोळी घालून मारली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूंशी तिचे नाव जोडले गेले होते. त्या वेळी वनमंत्री मुनगंटीवार होते, आणि त्यांच्यावर सर्वांत कठोर टीका केली ती त्यांच्याच पक्षाच्या केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी. शहरांत मेणबत्त्या पेटल्या, या भागातल्या गावांत फटाके फुटले. वाद शहर आणि खेड्याचा होता, पक्षांचा नव्हता. अमेरिकेत शहर आणि खेडे हीच आता बरीचशी पक्षांचीही सीमा आहे. तिथे असा वाद एका रात्रीत पक्षाचा झाला असता. गोंड, कोलाम, बंजारा, कुणबी, बौद्ध, मुस्लिम अशा नाना घरांच्या या तालुक्यात कोणतीही एक रेघ सगळ्यांना दोन भागांत कापत नाही, हे मला मोलाचे वाटते.

यावर आक्षेप येईल की २०२४ च्या प्रचारात धर्माच्या नावाने जी भाषा झाली ती विसरता येत नाही. ती मी विसरलेलो नाही. मोबाइलवर येणारे संदेश केळापुरातही येतात, आणि पंचविशीच्या आतल्या मुलांच्या तोंडी मी जी वाक्ये ऐकतो ती त्यांच्या वडिलांच्या तोंडी नव्हती. धर्माची एकच रेघ बाकी सगळ्या रेघा पुसू लागली, तर मेसन यांनी वर्णिलेली रचना इथेही उभी राहील. पण ती उभी राहते आहे असे म्हणणे आणि उभी राहिली आहे असे म्हणणे यांत फरक आहे. आजार येण्याआधीच आला म्हणून जाहीर केले, तर खरा आजार कोणता हे पाहायचे राहून जाते.

तो खरा आजार कापसाच्या भावात दिसतो. २० मार्च २०१४ रोजी आर्णी तालुक्यातल्या दाभडीत नरेंद्र मोदी यांनी शेतकऱ्यांशी ‘चाय पे चर्चा’ केली. त्याआधी २००८ मध्ये मारेगाव तालुक्यातल्या जळका गावच्या एका शेतकरी विधवेचे नाव राहुल गांधींनी लोकसभेत घेतले होते. दोन्ही मोठ्या पक्षांनी या भागाचे दुःख देशाला सांगितले. मतदारानेही दोघांना आळीपाळीने आजमावले. पुस्तकी लोकशाही सांगते की, मत बदलणाऱ्याची किंमत वाढते. केळापुरात ती वाढली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्प यांनी भारतीय मालावर पन्नास टक्के शुल्क लावले, त्याच महिन्यात केंद्र सरकारने कापसावरचे अकरा टक्के आयात शुल्क काढले, आणि ही सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. बोंडे फुटण्याच्या आतच भाव दबले. मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामासाठी ७,७१० रुपये जाहीर झाला होता, पण तो खरेदी केंद्रावर मिळतो, खेडा खरेदीत नाही.

याउलट २०१८ मध्ये ट्रम्प यांच्याच व्यापारयुद्धात चीनने अमेरिकन कापसावर पंचवीस टक्के शुल्क लावले, तेव्हा तिथल्या सरकारने दोन वर्षांत मिळून सुमारे २३ अब्ज डॉलर शेतकऱ्यांना वाटले. टेक्सासचा कापूसवाला डोळे मिटून रिपब्लिकनांना मत देतो, तरी त्याला भरपाई मिळाली. कारण तो मतदार म्हणून ठाम आहे आणि उत्पादक म्हणून संघटितही आहे. आमच्या शेतकऱ्याने दर निवडणुकीत शिक्षा केली, पण शिक्षा झालेला माणूस दुसरे उपरणे घालून परत आला. शिक्षा कशासाठी होती, कापसासाठी, रस्त्यासाठी की उमेदवाराच्या वागण्यासाठी, हे मतपेटीतून कोणालाच वाचता आले नाही.

म्हणून ‘द अमेरिकन व्होटर’बद्दल माझा आक्षेप एवढाच आहे. त्या चौघांनी निष्ठा मोजली, आणि निष्ठेच्या बदल्यात मतदाराला काय मिळाले हे मोजले नाही. आपण तो ग्रंथ आणि त्यानंतरची ध्रुवीकरणाची चर्चा उसनी घेताना तोच राहिलेला प्रश्नही उसना घेतला. अमेरिकन मतदाराने पक्षाला इतके घट्ट धरले आहे की त्याला तो सोडता येत नाही. केळापूरच्या मतदाराला धरता येईल असा पक्षच अजून हाती लागलेला नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या दिवसांत कापसाच्या नावाने रस्त्यावर उतरलेली गर्दी या भागाने पाहिली आहे. तेव्हा काही काळ जात आणि गट मागे राहिले होते आणि भाव हीच ओळख झाली होती. ती ओळख मतपेटीपर्यंत का टिकली नाही, याचा अभ्यास अजून व्हायचा आहे. अमेरिकेच्या दोन ध्रुवांपेक्षा आपल्याला त्याची गरज अधिक आहे.