माफ केलेला कर कोणाच्या खिशातून जातो?



आजचा विषय फलकावर वाचून आमच्या शेजाऱ्यांनी मला जिन्यातच गाठलं. म्हणाले, "सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता हे क्रिकेट आणि करमाफी कुठून काढलंत?" मी म्हटलं, नीतिशास्त्रात आम्ही शेवटी एकच प्रश्न घोळवत असतो. कोण कोणाचं काय देणं लागतो? कर हे त्या प्रश्नाचं रोजच्या व्यवहारातलं रूप आहे. आणि करमाफी म्हणजे ते देणं कोणीतरी, आपल्या वतीने, आपल्याला न विचारता सोडून देणं.

सुरुवात आपल्या गोराईपासूनच करू. खाडीच्या अलीकडे आपली म्हाडाची वसाहत, जागतिक बँकेच्या योजनेतून उभी राहिलेली. पलीकडे गोराई गाव, कोळ्यांचं आणि ईस्ट इंडियन लोकांचं. त्या पलीकडच्या काठावर १९८९ साली एस्सेलवर्ल्ड सुरू झालं. सुभाष चंद्रा यांच्या एस्सेल समूहाचं ते उद्यान. त्याच समूहाने १९९२ मध्ये झी टीव्ही काढला, पुढे खेळांच्या वाहिन्या घेतल्या, आणि २००४ मध्ये भारतीय क्रिकेटचे प्रक्षेपण हक्क मिळवण्यासाठी बोली लावली. म्हणजे आजच्या विषयाचं एक टोक आपल्या बोटीच्या धक्क्यावरून दिसतं.

ते हक्क झीला मिळाले नाहीत. निविदाच रद्द झाली. झी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि प्रश्न असा उभा राहिला, की क्रिकेट नियामक मंडळ हे घटनेच्या बाराव्या कलमाच्या अर्थाने 'राज्यसंस्था' आहे का? २००५ च्या फेब्रुवारीत पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितलं, नाही. मंडळ खासगी आहे. पुढे २०१५ मध्ये, बिहारच्या संघटनेच्या खटल्यात, त्याच न्यायालयाने म्हटलं की मंडळ सार्वजनिक स्वरूपाचं काम करतं, त्यामुळे ते न्यायालयीन तपासणीच्या बाहेर नाही.

ही दोन उत्तरं लक्षात ठेवा. आता तिसरं ऐका. आयकर खात्यापुढे हेच मंडळ म्हणतं, आम्ही धर्मादाय संस्था आहोत, खेळाचा प्रसार हे आमचं उद्दिष्ट आहे, सबब आम्हाला सूट हवी. आयपीएलमधून एवढा पैसा येतो तर ही धर्मादाय कशी, असं खात्याचं म्हणणं. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने मंडळाची बाजू मान्य केली. स्पर्धा अधिक आकर्षक केली आणि त्यातून जास्त पैसा आला, म्हणून क्रिकेटच्या प्रसाराचा हेतू संपत नाही, हा त्यातला तर्क. पुढच्याच वर्षी, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये, सर्वोच्च न्यायालयाने राज्य क्रिकेट संघटनांची प्रकरणं फेरतपासणीसाठी खाली पाठवली. प्रक्षेपण हक्कांतून येणाऱ्या पैशाचं व्यापारी स्वरूप नीट तपासा, असा त्याचा रोख होता.

तर बघा. जाब द्यायचा तेव्हा खासगी. कर द्यायचा तेव्हा धर्मादाय. आणि संघ मैदानात उतरतो तेव्हा 'भारत'. (हशा) हसण्यावारी नेऊ नका. या तिन्ही भूमिका एकेकट्या घेतल्या तर त्यांचं समर्थन करता येईल. माझी तक्रार ही आहे, की एका भूमिकेचा लाभ घेताना दुसऱ्या भूमिकेतून येणारं बंधन टाळलं जातं. याला आमच्या शास्त्रात विसंगती म्हणतात. व्यवहारात तिला काय म्हणतात, ते तुम्ही जाणताच.

आता आपल्या राज्याकडे येऊ. मुंबई प्रांतात करमणूक कराचा कायदा १९२३ पासून होता. तंबूतल्या सिनेमापासून लावणीच्या फडापर्यंत तिकीट लावलं की कर, हा सर्वसाधारण नियम. २००८ मध्ये आयपीएल आली आणि इथल्या सामन्यांवर तो कर वसूल झाला नाही. २०१० च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने कर लावायचं ठरवलं, पण मोसम सुरू झाला तरी वसुलीचा पत्ता नव्हता. तेव्हा गोरेगावचे आमदार सुभाष देसाई मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि सरकारला उत्तर द्यावं लागलं. २०१७ मध्ये जीएसटी आला, करमणूक कर त्यात विरला, आणि आयपीएलचं तिकीट सर्वांत वरच्या, २८ टक्क्यांच्या टप्प्यात गेलं. त्यामुळे 'करमणूक कराची माफी' हा प्रश्न आज जुना झाला, असं कोणी म्हणेल.

पण सवलतीचं रूप बदलतं, वृत्ती तीच राहते. सामन्यांना पोलीस बंदोबस्त लागतो. त्याचं शुल्क आयोजकांनी भरायचं असतं. २०२३ च्या जूनमध्ये राज्य सरकारने हे शुल्क मोठ्या प्रमाणात कमी केलं आणि तेही पूर्वलक्षी प्रभावाने, २०११ पासून. मुंबई क्रिकेट संघटनेकडे तेव्हा सुमारे १४ कोटी ८२ लाख रुपयांची थकबाकी दाखवली जात होती. माहिती अधिकार कार्यकर्ते अनिल गलगली यांनी याला उच्च न्यायालयात आव्हान दिलं. २०२४ मध्ये न्यायालयाने सरकारला जे विचारलं त्याचा आशय असा, की झोपडपट्टीतल्या माणसाकडून तुम्ही पाणीपट्टी वसूल करता, मग इतक्या श्रीमंत संघटनेला माफी कशासाठी?

पुढच्या वर्षाचा दर कमी करणं हे धोरण असू शकतं. बारा वर्षं मागे जाऊन दर कमी करण्याने मात्र एकही नवा सामना मुंबईत येत नाही. ते सामने होऊन गेलेले, तिकिटं विकली गेलेली, प्रक्षेपणाचे पैसे पोचलेले. उत्तेजन हे भविष्याला देता येतं, भूतकाळाला देता येत नाही. म्हणून पूर्वलक्षी माफीला मी उत्तेजन म्हणत नाही. ती बक्षिसी आहे.

आता दुसरी बाजू. आमच्या गोराईतल्या एका कबड्डी मंडळाची मुलं त्यांचे अर्ज माझ्याकडून लिहून घेतात. निवृत्त प्राध्यापकाचा तेवढा उपयोग. (हशा) दोन वर्षांपूर्वी त्यांनी रात्रीची स्पर्धा भरवली. मैदानाचं भाडं, अनामत रक्कम, ध्वनिक्षेपकाची परवानगी, विजेच्या जोडणीचा अर्ज, मंडपाचा दाखला. फाईल जाडजूड झाली. सामने झाले, मैदान झाडून परत दिलं, पण अनामत परत मिळवण्यासाठी एक कार्यकर्ता एका कार्यालयात चार खेटे घालून आला आणि पाचव्यांदा गेलाच नाही, कारण कामावरचा खाडा परवडेना. त्या मुलांना पूर्वलक्षी प्रभाव हा शब्द मी समजावून सांगितला. एकाने विचारलं, "सर, आम्हाला तो मिळेल का?"

माझ्या आजच्या टीकेचा गाभा त्या मुलाच्या प्रश्नात आहे.

आता प्रतिपक्ष प्रामाणिकपणे मांडतो. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली. २०१५ मध्ये स्टारने ती चालवणाऱ्या मशाल स्पोर्ट्समध्ये ७४ टक्के हिस्सा घेतला. म्हणजे प्रक्षेपकच लीगचा मालक झाला. आणि कबड्डीचं भलं झालं का? झालं. २०१९ च्या लिलावात आपल्या कोल्हापूरकडच्या सिद्धार्थ देसाईला तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाखांना घेतलं. बुवा साळवींच्या पिढीने ज्या खेळासाठी गावोगाव पायपीट केली, त्या खेळातल्या मुलाला कोटीचा भाव मिळाला, हे मी नाकारणार नाही. कोणी म्हणेल, प्रक्षेपक पैसा ओततात, खेळ वाढतो, सरकारला जीएसटी आणि आयकर मिळतो, खेळाडूंना रोजगार मिळतो. मग थोडी सूट दिली तर बिघडलं काय?

याला माझं उत्तर दोन भागांत आहे.

पहिला भाग हिशेबाचा. स्टॅन्ली सरे नावाचे अमेरिकी करकायदेतज्ज्ञ १९६० च्या दशकात त्यांच्या वित्त खात्यात होते. त्यांनी एक साधी गोष्ट सांगितली. सरकारने न घेतलेला कर हा केलेला खर्चच आहे. तिजोरीतून शंभर रुपये दिले काय आणि येणारे शंभर सोडून दिले काय, खड्डा सारखाच. आपल्या केंद्रीय अर्थसंकल्पातही २००६-०७ पासून सोडलेल्या महसुलाचं विवरण येऊ लागलं. फरक एवढाच, की दिलेल्या अनुदानावर सभागृहात चर्चा होते, लेखापरीक्षण होतं. सोडलेला कर बहुधा गुपचूप सुटतो.

दुसरा भाग देण्याघेण्याच्या नीतीचा. एच. एल. ए. हार्ट यांनी १९५५ मध्ये मांडलेला विचार असा, की अनेकांनी नियम पाळून, झळ सोसून एखादी व्यवस्था उभी केली आणि तुम्ही तिचा लाभ घेतलात, तर तुमच्या वाट्याची झळ तुम्हीही सोसली पाहिजे. प्रक्षेपक काय विकतो? खेळाडू. तो खेळाडू कुठे घडला? कांगा लीगमध्ये पावसात भिजलेल्या खेळपट्टीवर, परळ-प्रभादेवीच्या मातीच्या मैदानात, शाळेच्या पटांगणात. ते मैदान पालिकेने राखलं, पंचांनी फुकट पंचगिरी केली, मंडळाने वर्गणी काढली. लिलावात कोटींची बोली लागते तेव्हा या सगळ्यांचं श्रम त्यात जमा असतं. मराठीत यासाठी सुंदर शब्द आहे, उतराई होणं. उतराई होणं ही कृपा नव्हे. ती ऋणाची फेड आहे.

हा प्रश्न फक्त आपला नाही. अमेरिकेत कनेटिकट राज्यात ब्रिस्टल नावाचं छोटं शहर आहे. ईएसपीएन १९७९ मध्ये तिथे सुरू झालं. न्यूयॉर्क टाइम्सने २०१२ मध्ये वृत्त दिलं, की बारा वर्षांत त्या राज्याने ईएसपीएनला सुमारे २६ कोटी डॉलरच्या करसवलती दिल्या. सवलती देताना राज्याची नजर नोकऱ्या आणि गुंतवणुकीवर होती. नेमक्या त्याच काळात टीव्हीच्या करारांच्या ओढीने अमेरिकी विद्यापीठांचे संघ एका गटातून दुसऱ्या गटात उड्या मारत होते, आणि कनेटिकट विद्यापीठाचा संघ कमी पैशाच्या गटात मागे राहिला. ज्या राज्याने प्रक्षेपकाला वाढवलं, त्याच राज्याचा संघ टीव्हीच्या बाजारात हरला. ईएसपीएनने तसं मुद्दाम केलं, असं मी म्हणत नाही. मी म्हणतो, स्थानिक संघाबद्दल काही मागायचं सुचायला हवं होतं. जे मागितलं नाही, ते मिळण्याची अपेक्षा कशी धरणार?

आपल्याकडे प्रक्षेपकावर एक बंधन आहे. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं, आणि दूरचित्रवाणीच्या जाहिरातींचं उत्पन्न ७५-२५ असं वाटलं जातं, मोठा वाटा हक्कधारकाचा. त्यामागचं तत्त्व १९९५ च्या निकालात आहे, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. चांगलं तत्त्व. पण या बंधनाचा लाभार्थी प्रेक्षक आहे. खेळाडू घडवणारं मैदान त्यात कुठेच नाही.

मग काय करावं? मी धोरणकर्ता नाही, पण टीका करून घरी जाणं मला रुचत नाही. तीन गोष्टी सुचवतो. एक, खेळाच्या आयोजकांना आणि प्रक्षेपकांना राज्याने दिलेली प्रत्येक सवलत, पोलीस शुल्कासह, दरवर्षी नावानिशी जाहीर व्हावी. दोन, पूर्वलक्षी माफी बंद. तीन, पुढची सवलत कराराने द्यावी, मुदतीची, आणि अटींसह. अटी मोजता येतील अशा हव्यात. अमुक मैदानांची देखभाल, अमुक जिल्हा स्पर्धांचं मोफत प्रक्षेपण. राज्य अजिंक्यपद कबड्डीचे सामने सह्याद्री वाहिनीवर उत्तम कॅमेऱ्यांनी दिसले, तर त्याचा खर्च या धंद्याच्या मानाने किरकोळ आहे. आयपीएलचे पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटींना गेलेत, हे आठवा.

एक धोका मला दिसतो. 'स्थानिक संघ' म्हटलं की निधी कोणाच्या हातात जाईल? ज्याचा फलक मोठा, त्या मंडळाच्या. म्हणून पैसा मंडळाच्या हाती देऊ नये, मैदानावर खर्च करावा. मैदान कोणाच्या पक्षाचं नसतं. निदान नसावं.

शेवटचा मुद्दा. २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यात सरकारकडून अनुदान किंवा अन्य आर्थिक साहाय्य घेणारी क्रीडा संघटना माहिती अधिकाराच्या कक्षेत येते. आम्ही सरकारचा पैसा घेत नाही, असं क्रिकेटवाले नेहमी सांगतात. मी विचारतो, सोडलेला कर हे आर्थिक साहाय्य नव्हे का? माफ केलेलं पोलीस शुल्क हे साहाय्य नव्हे का? सरे यांचं म्हणणं मान्य असेल तर उत्तर एकच येतं. कायदेपंडित काय म्हणतील ते म्हणोत. नागरिक म्हणून हा प्रश्न विचारायचा आपला हक्क आहे, आणि तो अर्ज लिहायला मी तयार आहे. कबड्डीच्या मुलांच्या अनामत रकमेचाही अर्ज मी पुन्हा लिहिला आहे. या वेळी मीच घेऊन जाणार आहे. मला खाडा पडत नाही.

इतकं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.