चोर सोडून संन्याशाला फाशी: व्हर्च्युअल मशीनमधले बंद काउंटर

भाड्याने घेतलेल्या व्हर्च्युअल मशीनवर लिनक्सचं 'परफ स्टॅट' चालवून बघा. वेळ किती लागला ते येतं, कॉन्टेक्स्ट स्विच किती झाले तेही येतं. पण सायकल, इन्स्ट्रक्शन, कॅशे मिस या ओळींपुढे बरेचदा एकच शेरा असतो: 'नॉट सपोर्टेड'. प्रोसेसरमध्ये मोजणीचे काउंटर असतातच, मधला हायपरव्हायझर ते तुम्हाला दाखवत नाही. का, असं विचारलं की उत्तर एका शब्दात मिळतं: सुरक्षा. माझ्या मते हे उत्तर अर्धंच खरं आहे.

आधी आपण नेमकं काय गमावतो ते बघू. 'टॉप'मध्ये सीपीयू 90 टक्के व्यस्त दिसला की आपल्याला वाटतं, बिचारा राबतोय. पण मेमरीतून डेटा यायची वाट बघत खोळंबलेला कोअरही त्या हिशोबात व्यस्तच धरला जातो. खरा फरक कळतो तो एका सायकलमागे सरासरी किती सूचना पूर्ण झाल्या यावरून. याला आयपीसी म्हणतात. सायकलला चार सूचना पूर्ण करू शकणारा कोअर 0.3 वर रेंगाळत असेल, तर आणखी कोअर घेऊन फारसं काही साधणार नाही, डेटाची मांडणी बदलायला हवी. हा आकडाच दिसत नसेल तर माणूस काय करतो? मोठं मशीन भाड्याने घेतो. मीटरच्या खोलीला कुलूप, आणि बिल मात्र भाडेकरूच्या नावावर!

आता सुरक्षेकडे येऊ. या एका शब्दाखाली निदान तीन वेगळी कारणं कोंबलेली आहेत. पहिलं पूर्ण रास्त आहे. काही काउंटर एका कोअरचे नसून अख्ख्या चिपचे असतात: मेमरी कंट्रोलरवरून किती डेटा गेला, सामायिक एल-3 कॅशेत काय हालचाल झाली वगैरे. ते उघडे ठेवले तर शेजाऱ्याचा कारभार दिसतो. ते बंदच हवेत, वादच नाही. दुसरं कारण हायपरव्हायझरच्या कोडचं आहे. झेन प्रकल्पाने 2015 मध्ये आपल्या सुरक्षा सूचना क्रमांक 163 मध्ये सांगून टाकलं की काउंटरच्या व्हर्च्युअलायझेशनला आम्ही सुरक्षेच्या दृष्टीने पाठिंबा देत नाही. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. शिवाय लाइव्ह मायग्रेशनची अडचण आहेच. चालू मशीन वेगळ्या पिढीच्या प्रोसेसरवर हलवलं तर काउंटरचा अर्थच बदलतो.

तिसरं कारण साइड चॅनलचं, आणि गाडी अडते ती इथे. शेजारी कॅशे कसा वापरतो याचा अंदाज काउंटरवरून बांधता येतो, हे खरं. पण त्यासाठी काउंटर लागतातच असं कुठे आहे? रिस्टेनपार्ट आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये अॅमेझॉनच्या ईसी-2 वर शेजारचं मशीन हुडकून त्याच्या हालचाली टिपता येतात हे दाखवलं, तेव्हा त्यांनी मोजला होता फक्त वेळ. 2015 मध्ये लिऊ, यारोम आणि सहकाऱ्यांनी शेवटच्या पातळीच्या कॅशेतून दुसऱ्या व्हर्च्युअल मशीनमधली गुप्त किल्ली काढली, तीही वेळ मोजूनच. वेळ मोजणारी सूचना, म्हणजे आरडीटीएससी, आजही सर्रास उघडी असते. काउंटरमुळे हल्लेखोराचं काम सोपं होईल, कमी गोंगाटात होईल, हे मान्य. पण दार सताड उघडं ठेवून खिडकीला चार कड्या लावल्याचं कौतुक कशाला?

बरं, सरसकट बंदीला पर्याय नव्हता असंही नाही. नेटफ्लिक्समध्ये असताना ब्रेंडन ग्रेग यांनी झेनसाठी दोन मर्यादित पर्याय लिहिले, ते 2016 च्या 4.7 आवृत्तीत आले. 'आयपीसी' पर्यायात फक्त सायकल, संदर्भ सायकल आणि पूर्ण झालेल्या सूचना मिळतात. 'आर्च'मध्ये ब्रांच आणि शेवटच्या पातळीच्या कॅशेचे आकडे धरून एकूण सात घटना मिळतात. रोजच्या कामातला मोठा भाग एवढ्यात भागतो. केव्हीएममध्येही 2019 पासून, लिनक्स 5.3 पासून, कोणत्या घटना मोजू द्यायच्या याची यादी हायपरव्हायझरला देता येते. सोय चांगली आहे, पण तिच्यात एक खोट आहे, आणि ती मला बंदीपेक्षाही जास्त खटकते. गाळलेली घटना मोजायला सांगितली तर आतल्या मशीनला त्रुटी कळवली जात नाही, काउंटर नुसता हलत नाही. म्हणजे परफमध्ये शून्य दिसतं. 'नॉट सपोर्टेड' वाचून माणूस निदान दुसरा मार्ग शोधतो. शून्य कॅशे मिस बघून एखादी विद्यार्थिनी तो आकडा सरळ प्रबंधाच्या तक्त्यात टाकेल.

आणि ज्याच्यावर बंदी नाही तो कोण? यजमान. ग्राट्सच्या संशोधकांचा 'काउंटरसेव्हेलन्स' हा 2025 चा निबंध जरूर वाचा. एएमडीच्या एसईव्ही-एसएनपी तंत्राचं आश्वासन असं की हायपरव्हायझर दुष्ट असला तरी आतलं मशीन सुरक्षित राहील. या संशोधकांनी हायपरव्हायझरच्या जागी बसून आतलं मशीन एकेक सूचना पुढे नेलं, दर पावलाला काउंटर वाचले आणि एम्बेड टीएलएसमधली 4096 बिटांची आरएसए किल्ली 8 मिनिटांच्या आत काढली. काउंटर धोकादायक असतात हे इथे अगदी नीट सिद्ध झालं, फक्त उलट्या दिशेने. यावर झेन-5 पिढीपासून एएमडीने हार्डवेअरमध्ये संरक्षण दिलं आहे.

भाडेकरूला काउंटर न देण्यामागे कुणाचा काय हेतू असेल, त्यात मी शिरत नाही. परिणाम मात्र दिसतो. शेजारच्या मशीनने आपला कॅशे किती उधळला याचा पुरावा भाडेकरूकडे राहत नाही. 'स्टील टाइम' फक्त सीपीयू मिळाला नाही तेवढा वेळ सांगतो. मिळालेला सीपीयू कॅशेअभावी नुसता ताटकळत होता, हे तो सांगू शकत नाही. 2017 मध्ये अॅमेझॉनने काउंटर उघडले ते अख्खा सर्व्हर व्यापणाऱ्या मशीनना. गूगल क्लाउडने काही मशीनसाठी तीन पातळ्या केल्या, त्यात सर्वांत वरची पातळी मोठ्या मशीनपुरती ठेवली. चिपभरच्या घटनांच्या बाबतीत हा न्याय ठीक आहे, कारण तिथे शेजारीच नसतो. पण आपल्याच कोअरच्या तीन साध्या आकड्यांसाठी छोट्या भाडेकरूला का ताटकळत ठेवायचं? झेनचा 'आयपीसी' पर्याय नेमका त्याच्यासाठी होता. तेवढं सगळीकडे द्या, आणि गाळलेल्या घटनांची यादी मशीनच्या आतून वाचता येईल अशी ठेवा.