सहा बाजू, बारा कडा, आठ कोपरे

माझ्या मोबाईलचं कव्हर मी महिन्यातून एकदा उतरवून धुते. त्याचे दोन भाग सुटे होतात. बाहेरची काळी, रबरासारखी सिलिकॉनची कातडी आणि तिच्या आतला टणक प्लॅस्टिकचा सांगाडा. सांगाड्याच्या पाठीला आतून फोमचा पातळ थर चिकटवलेला आहे. धुऊन खिडकीत वाळत घातले की दोन्ही भाग हातात घेऊन निरखायची मला सवय लागली आहे. चार वर्षं झाली, अजून त्यात वाचण्यासारखं सापडतं.

माझं काम विहिरींचं. गावोगावच्या निरीक्षण विहिरींची पाणीपातळी मी मोजते, एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात. कठड्यावर वाकायचं, टेप सोडायची, ती पाण्याला टेकल्याचं हाताला कळलं की आकडा मोबाईलवर टाकायचा, अक्षांश-रेखांश नोंदवायचे, फोटो काढायचा. एका हातात टेप, दुसऱ्यात मोबाईल, पायाखाली सुटा मुरूम. या कामात मोबाईल पडणार हे धरूनच चालावं लागतं. माझा आधीचा मोबाईल पातळ, पारदर्शक कव्हरात होता. कठड्याच्या दगडावर तो कोपऱ्यावर आपटला आणि डिस्प्ले गेला, त्याबरोबर त्या दिवशीच्या नोंदीही गेल्या. सगळ्या विहिरींवर पुन्हा जावं लागलं. मधल्या तीन दिवसांत दोन विहिरींवर मोटारी चालल्या होत्या, त्यामुळे आधीची पातळी मला परत कधीच मिळाली नाही. तेव्हापासून मोबाईलचं कव्हर हा विषय माझ्यासाठी किरकोळ राहिलेला नाही.

हे कव्हर वाचायला सुरुवात करावी ती कोपऱ्यापासून. पाठीवर आणि बाजूंना त्याची जाडी बेताची आहे, हाताला बोजड वाटणार नाही इतकीच. कोपऱ्याकडे आलं की मात्र ते एकदम सढळ होतं. कातडी तिथे जाड झाली आहे, बाहेरून किंचित फुगली आहे. आतून बोट फिरवलं की बोटाच्या टोकाला एक लहानशी पोकळी लागते. कातडी आणि सांगाडा यांच्यामध्ये तेवढी जागा मुद्दाम मोकळी सोडलेली आहे. दुकानात पाहताना ती कुणाला दिसत नाही आणि खोक्यावरच्या चित्रातही नसते. माझ्या मते सगळ्या रचनेचा जीव तिथे आहे.

कोपराच का, याचं उत्तर माझ्या आजोबांच्या लाकडी पेटीने मला फार आधी दिलं होतं. त्या पेटीच्या आठही कोपऱ्यांना पितळी पत्रा ठोकलेला होता, मधल्या फळ्या उघड्या. पेटी बैलगाडीतून उतरवताना कुठे आपटते ते सुताराला ठाऊक होतं. पडणारी वस्तू सपाट पडेल असं फार क्वचित होतं. हातातून सुटताना ती जराशी फिरते, आणि फिरलेली वस्तू जमिनीला आधी टेकते ती टोकाने. सगळा भार मग त्या टोकावर येतो. मोबाईलची चौकट तिथे दबते, काचेच्या कडेला ताण बसतो. दाब सोसायला काच खंबीर असते, ताणाला मात्र ती लगेच हार मानते. कडेवर डोळ्यांना न दिसणारा एखादा ओरखडा असला की तिथूनच तडा धावतो.

आता पडण्याचा हिशेब. आकडा टाकताना मोबाईल छातीच्या जरा खाली असतो, म्हणजे जमिनीपासून साधारण 1.2 मीटर. तिथून सुटला तर तो अर्ध्या सेकंदात जमिनीला टेकतो, आणि टेकताना त्याचा वेग ताशी 17 किलोमीटरच्या पुढे असतो. हा वेग कुठेतरी शून्य व्हायचाच असतो. तो एका मिलिमीटरात शून्य झाला, तर मोबाईलला बसणारा हिसका सरासरी गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 1200 पट होतो. तीन मिलिमीटर मिळाले तर तोच 400 पटींवर येतो. कोपऱ्यातली ती पोकळी एवढंच करते, थांबायला दोन मिलिमीटर जास्त देते. दोन मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याची रुंदी. हे गणित मी पहिल्यांदा कागदावर मांडलं त्या दिवसापासून त्या पोकळीला बोट लावताना मनात आदर असतो.

जाड कव्हरांच्या खोक्यावर बहुधा ‘मिलिटरी ग्रेड’ असं लिहिलेलं असतं. त्यामागे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं एक खरं मानक आहे, एमआयएल-एसटीडी-810. ते पहिल्यांदा 1962 साली निघालं. त्याची ‘जी’ आवृत्ती 2008 ची, ‘एच’ आवृत्ती 2019 ची. त्यात वस्तू पाडून पाहण्याची एक चाचणी आहे. माणसाने अंगावर वाहून न्यायच्या वस्तूला त्या चाचणीत 48 इंचांवरून, म्हणजे 122 सेंटिमीटरवरून पाडतात. खाली दोन इंच जाडीचं प्लायवुड आणि त्याखाली काँक्रीट. एकूण 26 वेळा.

हा 26 आकडा मला फार आवडतो. खोक्याच्या आकाराच्या कुठल्याही वस्तूला बाजू सहा, कडा बारा, कोपरे आठ. बेरीज 26. एखादं खोकं जितक्या प्रकारे जमिनीला टेकू शकतं ते सगळे प्रकार यात आले. ज्याने हे लिहिलं त्याने वस्तू हातात घेऊन, फिरवून, हळूहळू मोजली असणार. रुक्ष सरकारी भाषेतल्या त्या ओळीत पडणाऱ्या वस्तूबद्दल एवढी पूर्ण, एवढी शांत समज आहे. आजोबांच्या पेटीचा सुतार आठ कोपऱ्यांवर थांबला होता, हा माणूस कडा आणि बाजूही मोजून आला.

पण ग्राहकाने याच्या पुढचंही वाचावं. हे 26 आघात एकाच नगावर घ्यायला हवेत अशी सक्ती नाही, पाच नगांत ते वाटून घेता येतात. संरक्षण खातं बाजारातल्या कव्हरांना कसला दाखलाही देत नाही. चाचणी कंपनीच करते किंवा करवून घेते, आणि ते शब्द कंपनीच छापते. म्हणून खोक्यावर किती उंचीवरून, किती वेळा, कशावर पाडलं हे लिहिलेलं असेल तर त्याला वजन द्यावं. नुसतं ‘मिलिटरी ग्रेड’ असेल तर खोकं बाजूला ठेवून कोपऱ्यात बोट घालून पाहावं.

कोपऱ्यानंतर काठ. कव्हरचा काठ काचेच्या वर जेमतेम एक मिलिमीटर उचललेला असतो. मोबाईल फरशीवर पालथा पडला तर फरशीला काठ टेकतो, काच अधांतरी राहते. साधी, सुंदर युक्ती आहे, ताटाच्या काठासारखी. घरात, कचेरीत, एसटीत ती पुरते. विहिरीवर मात्र तिची मर्यादा मी पाहिली आहे. मोबाईल खडीवर पालथा पडला की एखादा टोकदार खडा काठाच्या आत शिरून थेट काचेला भिडतो, काठ त्याला अडवू शकत नाही. म्हणून शेतात, रस्त्याच्या कामावर, गडावर फिरणाऱ्याने कव्हरच्या जोडीला टेम्पर्ड ग्लास लावावीच. खड्याने ती फुटेल, आतली काच बहुतेक वाचेल.

मग थरांचा क्रम. बाहेर मऊ, आत टणक, त्याच्या आत पुन्हा मऊ. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. असोला नारळ माडावरून पडतो आणि काहीच होत नाही. तोच सोलून पायरीच्या दगडावर आपटला की एका फटक्यात दोन शकलं. काथ्या आघाताला वेळ देतो, करवंटी उरलेला आघात सगळीकडे पसरवते. दोघांपैकी एकानेच काम होत नाही. नुसतं टणक कव्हर हिसका जसाच्या तसा आत पोचवतं. नुसतं मऊ कव्हर टोकदार दगडापुढे दबून जातं, शिवाय काही महिन्यांत कडेला ढिलं पडतं. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स इथे 1998 साली सुरू झालेल्या ऑटरबॉक्स कंपनीने आधी पाण्यात नेता येतील अशा डब्या बनवल्या. पुढे ‘डिफेंडर’ नावाच्या तिच्या कव्हरांनी हीच मऊ-टणक जोडी नावारूपाला आणली. माझं कव्हर त्या कंपनीचं नाही, पण घाट तोच आहे.

अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचा प्राण मानलं. जे जिथे शोभतं ते तिथेच हवं. या कव्हरकडे पाहताना मला तो विचार आठवतो, कारण इथे जाडी हवी तिथेच आहे. बाजारात असंख्य कव्हरं अशी आहेत की पाठीवर खोटे स्क्रू, चिलखतासारख्या रेघा, टायरची नक्षी, आणि कोपऱ्यात बोट घातलं तर काहीच नाही. त्यांचं दणकटपण सगळं पाठीवर, आणि मोबाईल नुसत्या पाठीवर फार कमी पडतो.

गुण सांगितले तसे दोषही सांगायला हवेत, तेही याच रचनेतून आलेले आहेत. एकदा कव्हर उतरवलं तेव्हा मोबाईलच्या पाठीवर, कॅमेऱ्याच्या खिडकीभोवती, तांबूस धुळीची एक बारीक महिरप उमटलेली होती. मुरमाचं पीठच. फडक्याने पुसलं तर खाली ओरखड्यांची तीच महिरप. या धुळीत गारगोटीचे कण असतात. कठीणपणाच्या मोहस मापावर गारगोटी सातवर बसते आणि साधी काच साडेपाचच्या आसपास. कातडी आणि मोबाईल यांच्यामध्ये असा एक कण अडकला की खिशातल्या प्रत्येक हालचालीबरोबर तो घासत राहतो. महिन्याची धुणी मी त्यानंतर सुरू केली.

दुसरा दोष उन्हाचा. हिसका अडवणारे थर उष्णताही अडवतात. आयफोनसाठी अ‍ॅपल 0 ते 35 अंश तापमानाची शिफारस करते. मेमध्ये मराठवाड्यात सकाळी दहालाच पारा त्याच्या पुढे जातो. जाड कव्हरातला मोबाईल तेव्हा गोधडी पांघरलेल्या तापकऱ्यासारखा होतो. पडदा मंद होतो, नकाशा अडखळतो, कधी तापमानाची सूचना देऊन सगळंच थांबतं. मी त्याला टोपीखाली ठेवते, कठड्याच्या सावलीत ठेवते, अगदीच तापला तर झाडाखाली बसून कव्हर काढते. पाण्याबद्दल एवढंच की चार्जिंगच्या भोकावरचं झाकण धूळ आणि शिंतोडे अडवतं, त्याने मोबाईल जलरोधक होत नाही. पावसात झिपची पिशवीच खरी.

राज्यात 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून पिकाची नोंद, सुरू झाली, तेव्हापासून शेतकऱ्यालाही बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. गेल्या मेमध्ये एका विहिरीवर एक आबा बराच वेळ माझ्या हाताकडे पाहत होते. शेवटी म्हणाले, “ताई, मोबाईलला चिलखत घातलंय होय?” त्यांचा मोबाईल रबरबँडने बांधलेला होता, पडद्याचा एक कोपरा गेलेला. “आबा, तुमच्या मॉडेलचं मिळेल असं,” मी म्हटलं. “नातवाला घेऊन जा दुकानात.” आणि कठड्यावरच बसून त्यांना दाखवलं. कव्हर नेमकं त्याच मॉडेलचं हवं. ते चढवून काचेवर, काठाला लागून, दोन व्हिजिटिंग कार्डं एकावर एक ठेवायची. काठ त्यांच्या वर राहिला तर तो पुरेसा आहे. कोपरा अंगठ्याने दाबायचा, तो दबून परत आला पाहिजे. बटणं कव्हरावरून दाबून पाहायची, खटका हाताला कळला पाहिजे. हात ओला करून मोबाईल धरून पाहायचा, तो निसटता कामा नये. दोरी ओवायला भोक असेल तर उत्तम, कारण विहिरीवर वाकणाऱ्याला गळ्यातल्या दोरीइतका दुसरा आधार नाही. रंग कुठलाही घ्यावा, मात्र काळा रंग उन्हात लवकर तापतो. आबांनी माझं कव्हर हातात घेतलं, कोपरा दाबला, सोडला, पुन्हा दाबला. “नारळागत हाय,” ते म्हणाले. ती उपमा मी त्यांच्याकडून घेतली आहे.

आत्ता कातडी वाळली आहे. तिचा वरचा उजवा कोपरा घासून गुळगुळीत झालाय, तो पायविहिरीच्या पायऱ्यांवर. खालच्या डाव्या कोपऱ्यावर दगडाने घेतलेला अर्ध्या नखाएवढा चावा आहे. तिसऱ्यावर डांबर लागलंय, ते निघत नाही. चौथा अजून जवळपास कोरा आहे. पोकळ्या चारही शाबूत आहेत, मी बोट घालून पाहिलं. सांगाडा मोबाईलवर बसवला, दोनदा खट्ट वाजलं. मग कातडी एका कोपऱ्यापासून ताणत चारही कोपऱ्यांवर चढवली आणि झाकण दाबून बंद केलं. उद्या सकाळी सहाला गाडी येते, चौदा विहिरी आहेत.