एफपीएसचा आकडा नेमका कशाचा पुरावा?

गेल्या पावसाळ्यात माझ्या हाती एक निष्कर्ष लागला होता, आणि तो फारच देखणा होता. सिम्युलेटरमध्ये विमान उतरवताना खाली दाट वस्ती असेल, तर शिकाऊ वैमानिक इशाऱ्याच्या दिव्याला लवकर प्रतिसाद देतात. मुंबईत घाटकोपर-कुर्ल्यावरून २७ क्रमांकाच्या धावपट्टीकडे येताना लवकर, शिर्डीच्या मोकळ्या माळावर उतरताना उशिरा. कारणही मी तयार ठेवलं होतं: दाट दृश्यात माणूस जास्त सावध राहतो. परिषदेला पाठवायचा सारांश अर्धा लिहूनही झाला होता.

निष्कर्ष खोटा निघाला. आणि त्याचं मूळ सापडलं ते ग्राफिक्स सेटिंगच्या एका यादीत.

आम्ही एक्स-प्लेन वापरतो. मुंबई मुंबईसारखी दिसावी म्हणून इमारतींची संख्या ठरवणारा स्लायडर मी उजवीकडे टोकाला नेला, तर चित्र अडखळायला लागलं. मग सगळे करतात तेच केलं. 'बेस्ट सेटिंग्ज' छापाचं एक मार्गदर्शन शोधलं, त्यातले डझनभर बदल एका दमात केले, सिम्युलेटर बंद करून पुन्हा चालू केला, एक फेरी मारली. सरासरी ३८ एफपीएस. मार्गदर्शनात म्हटलं होतं की ३० च्या वर असलं की झालं. झालं!

आज या प्रकारच्या मार्गदर्शनाबद्दल लिहायचं आहे. फ्लाइट सिम्युलेटरच्या जगात हा एक स्वतंत्र साहित्यप्रकारच आहे. २००६ साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटर एक्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये अमुक ओळ टाका, 'बफरपूल्स' तमुक करा, असे उतारे लोक वर्षानुवर्षं एकमेकांकडून उतरवून घेत होते. मशीन बदललं, ग्राफिक्स कार्ड बदललं, ओळी त्याच. त्यातल्या काही खरंच उपयोगी होत्या, काही घरच्या देव्हाऱ्यातल्या जुन्या टाकासारख्या: कुणी ठेवला माहीत नाही, पण काढायची हिंमत नाही.

पहिला आक्षेप आकड्यावर. एफपीएस म्हणजे एका सेकंदात किती चित्रं पडद्यावर आली. समजा, एका सेकंदात ५९ चित्रं प्रत्येकी १० मिलिसेकंदांत आली आणि एक चित्र ४१० मिलिसेकंद अडकलं. बेरीज बरोबर १,००० होते. म्हणजे ६० एफपीएस! पण त्या सेकंदात जवळजवळ अर्धा सेकंद वैमानिकाच्या समोर गोठलेलं चित्र होतं. २०११ मध्ये 'द टेक रिपोर्ट'च्या स्कॉट वॉसन यांनी नेमका हाच मुद्दा लावून धरला आणि ग्राफिक्स कार्डांची परीक्षा सेकंदामागच्या चित्रांऐवजी प्रत्येक चित्राला लागलेल्या वेळावर घ्यायला सुरुवात केली. इतकी वर्षं झाली, तरी सेटिंगच्या याद्या अजून एकाच सरासरीवर संपतात.

शिवाय हा आकडा सरळ रेषेत चालत नाही. २० वरून २५ एफपीएसला गेलात तर प्रत्येक चित्रामागे १० मिलिसेकंद वाचले. १०० वरून १०५ ला गेलात तर अर्धाही मिलिसेकंद वाचला नाही. दोन्ही ठिकाणी 'पाच एफपीएस वाढले' असंच लिहिलेलं असतं.

माझे ३८ कसे आले होते ते नंतर पाहिलं. उड्डाणाचा मोठा भाग उंचावर, खाली ढग. तिथे मशीन आरामात धावत होतं. शेवटची काही मिनिटं, म्हणजे दिवा जिथे लागायचा तीच मिनिटं, १५ च्या आसपास. सरासरीने श्रीमंतांचं उत्पन्न गरिबांत वाटून टाकलं होतं.

आता या १५ चं काय झालं ते ऐका. एक्स-प्लेनमध्ये एक शहाणी सोय आहे. चित्रांचा वेग साधारण २० च्या खाली गेला तर उड्डाणाचं गणित डळमळू शकतं, म्हणून सिम्युलेटर एका चित्रामागे ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त काळ पुढे सरकत नाही. तो स्वतःचा वेळच हळू करतो, विमान मंद गतीत उडतं. १५ एफपीएसला भिंतीवरच्या घड्याळाचा एक सेकंद म्हणजे आतला सुमारे पाऊण सेकंद. आणि मी प्रतिसादाचा वेळ मोजत होते सिम्युलेटरच्या आतल्या घड्याळाने. माणसाने १.२ सेकंदांनी बटण दाबलं की माझ्या फाइलमध्ये ०.९ लिहिलं जायचं. मुंबईवर मशीन थकत होतं, शिर्डीवर नव्हतं. 'दाट वस्तीत लक्ष सावध राहतं' हा माझा सगळा सिद्धान्त एवढ्यावर उभा होता.

ही सोय लपवलेली नाही, माहितीपुस्तिकेत आहे. मी वाचली नव्हती, कारण माझ्याकडे यादी होती.

दुसरा आक्षेप जास्त मूलभूत आहे. याद्या निदानाआधी औषध देतात. प्रत्येक चित्रासाठी दोघं राबतात: सीपीयू दृश्याची मांडामांड आणि उड्डाणाचं गणित करतो, जीपीयू रंगवतो. जो मागे राहील त्याच्या वेगाने गाडा चालतो. एक्स-प्लेनमध्ये इमारतींची संख्या मुख्यतः सीपीयूला जड जाते, अँटिअलायझिंग जीपीयूला. टेक्श्चरचा दर्जा ग्राफिक्स मेमरी खातो. तेव्हा सीपीयू अडलेला असताना अँटिअलायझिंग कमी करून काय मिळणार? कडा तेवढ्या दातेरी दिसतील. माझ्या डझनभर बदलांपैकी निम्म्याहून जास्त असेच होते. चित्र कुरूप झालं, वेग तिथेच.

निदान अवघड नाही. विमान एका जागी थांबवा, हवामान आणि वेळ गोठवा, खिडकीचा आकार निम्मा करा. वेग वाढला तर जीपीयू अडला होता, नाही वाढला तर बहुतेक सीपीयू. एक्स-प्लेन तर डेटा आउटपुटमध्ये चित्राचा एकूण वेळ, सीपीयूचा आणि जीपीयूचा वेळ असे वेगवेगळे आकडे पडद्यावरच दाखवतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे आपण बी.एस्सी.च्या पहिल्या प्रॅक्टिकलला शिकतो. संगणक समोर आला की विसरतो.

आणि रीस्टार्ट! 'हे बदला आणि पुन्हा चालू करा' यात दोन उपचार आहेत, एक नाही. तासभर चाललेला सिम्युलेटर आणि ताजा सिम्युलेटर यांत आपोआप फरक असतो: भरलेली मेमरी, तापलेला लॅपटॉप. सुधारणा सेटिंगची की रीस्टार्टची? काहीही न बदलता फक्त रीस्टार्ट करून मोजलेली तुलना मी आजवर एकाही यादीत पाहिली नाही. औषधाच्या चाचणीत ज्याला प्लासिबो म्हणतात, ते इथे फुकट मिळतं, तरी कुणी घेत नाही.

व्ही-सिंकचा फसवेपणा मला माझ्या सहकाऱ्याने दाखवला. ६० हर्ट्झच्या पडद्यावर साधं व्ही-सिंक चालू असेल, तर १६.७ मिलिसेकंदांत तयार न झालेलं चित्र पुढच्या फेरीची वाट बघतं. मग १७ मिलिसेकंदांचं चित्र आणि ३२ मिलिसेकंदांचं चित्र, दोघांचीही नोंद ३० एफपीएस. मी दोन सेटिंग्ज 'सारख्याच' ठरवल्या होत्या त्या अशा. मोजपट्टीवर मधल्या खुणाच नव्हत्या.

याद्या लिहिणाऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. त्यांचा वाचक रात्री जेवण आटोपून तासभर विमान उडवणारा माणूस आहे. त्याला कार्यकारणभाव नको, अडखळणं थांबायला हवं, आणि दहा बदल एकदम करून ते थांबलं तर त्याचं काम झालं. त्याच्यासाठी यादी वाईट नाही. चूक त्यांनी लिहिण्यात नव्हती, मी ती प्रयोगशाळेत आणण्यात होती. तरी, मशीन कोणतं, जागा कोणती, आवृत्ती कोणती, एवढं तरी लिहावं. एक्स-प्लेन २०२० मध्ये ११.५० या आवृत्तीत व्हल्कनवर गेला, तेव्हा त्याआधीच्या ओपनजीएलसाठी लिहिलेल्या कितीतरी युक्त्या एका रात्रीत निरर्थक झाल्या. यादीवर आवृत्ती नसेल तर वाचकाला हे कळणार कसं?

हे सगळं उघडं पडलं ते माझ्या गाईडबाईंच्या एका साध्या प्रश्नामुळे. आलेख बघून त्या म्हणाल्या, "वेळ कुणाच्या घड्याळाचा आहे गं हा?" मला उत्तर येत होतं, पण ते तोंडातून बाहेर पडेपर्यंत मला पुढचं सगळं दिसलं होतं. अकरा जणांची सत्रं बाद झाली. त्यातले दोघं नाशिकहून सकाळची बस पकडून आले होते, त्यांना पुन्हा फोन करणं हा भाग मला सगळ्यात जड गेला.

आता बटण आणि दिवा दोन्हींची नोंद वेगळ्या घड्याळावर होते आणि प्रत्येक चित्राचा वेळ फाइलमध्ये जातो. आधी मी नियम केला होता की दिवा लागल्यापासून बटण दाबेपर्यंत एखादं चित्र ५० मिलिसेकंदांहून जास्त अडकलं तर ती नोंद काढून टाकायची. नियम चांगला वाटतो ना? मलाही वाटला होता. पण अशा नोंदी मुंबईतच जास्त निघणार, शिर्डीत जवळपास नाहीच. म्हणजे मुंबईतल्या सगळ्यात दाट क्षणांवर मीच कात्री चालवणार, आणि उरलेल्या विरळ मुंबईची तुलना शिर्डीशी करणार. एक खोट काढताना दुसरी आत घेतली.

शेवटी इमारतींचा स्लायडरच खाली आणला, सगळ्यात वाईट चित्रसुद्धा ४० मिलिसेकंदांत बसेपर्यंत, आणि दोन्ही ठिकाणी तोच ठेवला. पहिल्या सहा जणांत मुंबई आणि शिर्डी यांच्यात सांगण्यासारखा फरक दिसत नाही. दृश्य आता पूर्वीइतकं दाट नाही, त्यामुळे माझा मूळ प्रश्नही थोडा आक्रसला आहे, आणि प्रबंधात तसं लिहावं लागेल. परवा नाशिकचा एक मुलगा दुसऱ्यांदा आला. उतरताना खाली बघत म्हणाला, "मॅडम, मागच्या वेळी इथे घाटकोपर होतं ना?"