भावना त्यांच्या, निस्तरणं हिचं

‘बायका हळव्या, पुरुष खंबीर’ हे वाक्य आपण चितेगावात ऐकतो आणि शहरातही ऐकतो. आज ते एका पुस्तकावर घासून बघू. पुस्तक आहे लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. १९३४ ते १९३६ या काळात ते चार भागांत आलं.

पुस्तकाची सुरुवातच बघा. सत्तावनच्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली. त्या धक्क्यानंतर वडिलांचं सोवळं विकोपाला गेलं. घरात आलेली वस्तू धुवायची, अगदी मीठसुद्धा. आपण वाचताना हसतो, कारण लक्ष्मीबाई हसवतात. पण हसून झाल्यावर विचार करा, हे काय होतं? ती एका पुरुषाची भीती होती. तिला रडायला वाट मिळाली नाही, म्हणून ती नियम बनून बाहेर आली. आणि तो नियम पाळायचं काम पडलं घरातल्या बायकामुलांवर.

आता नवरा. नारायण वामन टिळक कवी माणूस. राग झटकन, पश्चात्तापही झटकन. दुसऱ्याचं दुःख दिसलं की हातातलं देऊन मोकळे. ‘बापाचे अश्रू’ नावाची कविता लिहिणारा हा पुरुष. याला कोरडा कोण म्हणेल? उलट या घरात हिशेब ठेवणारी, वेळ निभावणारी बायकोच आहे. म्हणजे आपलं वाक्य इथे उलटं पडलं.

मग फरक नाहीच का? आहे. तो स्वभावात नाही, सोयीत आहे. मनात वादळ उठलं की टिळक घराबाहेर पडू शकत होते. १८९५ साली त्यांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तो त्यांच्या मनाचा प्रामाणिक कौल होता, त्याबद्दल वाद नाही. पण लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन मागे राहिल्या. चार-पाच वर्षं ताटातूट झाली, नातेवाइकांचा आधार घ्यावा लागला, लोकांचं बोलणं ऐकावं लागलं. मन त्यांनाही होतं, पण ते घेऊन जायचं कुठं?

आता रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’, १९१०चं पुस्तक, शेजारी ठेवा. न्यायमूर्ती अबोल, संयमी. टिळकांच्या अगदी उलट. तरीही दोन्ही घरांत एक काम सारखंच चाललंय. नवऱ्याच्या मनात काय आहे ते ओळखायचं आणि आपलं वागणं त्याप्रमाणे बेतायचं. एकीला वादळ वाचावं लागलं, दुसरीला मौन.

माझी तक्रार आपल्या वाचनाबद्दल आहे. ‘स्मृतिचित्रे’ला आपण विनोदी, निर्मळ म्हणतो आणि पुढे जातो. तो विनोद टिळक गेल्यानंतर, म्हणजे १९१९ नंतर, मागे वळून बघणाऱ्या बाईचा आहे. त्यात प्रेम आहे, क्षमा आहे. पण क्षमा केली म्हणजे आधी काहीतरी सोसलेलं असणार ना? ते आपण वाचतच नाही. टिळकांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’सुद्धा पुढे लक्ष्मीबाईंनीच पुरं केलं. निस्तरणं इथेही सुटलं नाही.

आपल्या पैठण रोडवरच्या कारखान्यातून रात्रपाळी करून माणूस घरी येतो. चपला काढल्याच्या आवाजावरून बायकोला कळतं, आज बोलायचं की नाही. तिच्या चपलांचा आवाज घरात कोण ऐकतं? आज घरी गेल्यावर एवढं एकदा बघा.