अंडपेशीची ऊर्जा : एका रूढ रूपकाची चिकित्सा

पेशीविज्ञान शिकविताना तंतुकणिकांना, म्हणजेच मायटोकॉन्ड्रियांना, 'पेशीचे ऊर्जाघर' म्हणण्याची प्रथा इतकी रुळली आहे की, ते एक रूपक आहे याचाच विसर पडतो. सस्तन प्राण्यांच्या अंडपेशीबाबत हे रूपक अपुरे तर आहेच. शिवाय ते काही अंशी दिशाभूलही करते. परिपक्व अंडपेशीत तंतुकणिका लाखाच्या घरात असतात. त्यावरून ऊर्जानिर्मिती जितकी जास्त तितकी अंडपेशी गुणवान, असा निष्कर्ष सहज काढला जातो. उपलब्ध पुरावा मात्र त्याला दुजोरा देत नाही.

बिगर्स, व्हिटिंगहॅम व डोनाह्यू यांनी उंदराच्या अंडपेशींवर केलेले प्रयोग १९६७ साली प्रसिद्ध झाले. भोवतालच्या पेशींचे वेष्टन काढून टाकलेली अंडपेशी केवळ ग्लुकोजवर परिपक्व होत नाही. पायरुवेट दिल्यास होते. वेष्टन कायम ठेवले, तर मात्र ग्लुकोजही पुरते. ग्लुकोजचे विघटन करण्याची अंडपेशीची स्वतःची क्षमता क्षीण असते. ते काम वेष्टनातील पेशी करतात आणि तयार पायरुवेट तिला पुरवितात. थोडक्यात, अंडपेशीचा स्वयंपाक शेजारच्या चुलीवर होतो. अंडपेशीची गुणवत्ता एकट्या अंडपेशीत शोधणाऱ्या विवेचनाचा पायाच येथे डळमळतो.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. निरोगी भ्रूणाचा चयापचय उसळता नसून संयत असतो, असे हेन्री लीस यांनी २००२ मध्ये सुचविले. त्या वेळी हे गृहीतक धाडसी वाटले असल्यास नवल नाही. पुढे २०२२ मध्ये बार्सिलोना येथील एल्व्हान ब्योके यांच्या गटाने दाखविले की, बेडूक व मानव यांच्या प्रारंभिक अवस्थेतील अंडपेशी श्वसनसाखळीतील पहिले प्रथिन-संकुलच जवळजवळ बंद ठेवतात. त्यामुळे घातक ऑक्सिजन-संयुगांची निर्मिती टळते. स्त्रीच्या अंडाशयात दशकानुदशके थांबून राहणाऱ्या पेशीला ही काटकसर परवडते. सतत धगधगणारे ऊर्जाघर परवडले नसते.

रूपकाची किंमत व्यवहारातही मोजावी लागली. स्त्रीच्याच अंडाशयातील पूर्वपेशींतून काढलेल्या तंतुकणिका अंडपेशीत टोचण्याच्या उपचाराने जन्मलेल्या पहिल्या बालकाची वार्ता २०१५ मध्ये टोरांटोहून आली आणि मोठ्या अपेक्षा निर्माण झाल्या. स्पेनमधील नियंत्रित चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा भ्रूणाच्या गुणवत्तेत सुधारणा आढळली नव्हती. ऊर्जाघरांची संख्या वाढविली की काम भागेल, हे गृहीतच तेथे उणे पडले.

हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता मर्यादित नाही. भिवंडी परिसरातील म्हशींच्या तबेल्यांच्या संदर्भात त्याला वेगळे वजन येते. व्यायल्यानंतर जनावराच्या दुधावाटे जाणारी ऊर्जा चाऱ्यापेंडीतून मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त असते. मग अंगावरची चरबी वितळते, रक्तातील मुक्त मेदाम्ले वाढतात आणि ग्लुकोज घटते. बेल्जियममधील लेरॉय व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये गाईंच्या अंडपेशींवर दाखविले की, अशा वेळी पुटकद्रवात आढळणाऱ्या प्रमाणातील पामिटिक व स्टिअरिक आम्ले परिपक्वता आणि पुढील भ्रूणविकास या दोहोंना बाधक ठरतात. पुटकाची वाढ काही महिने चालते. म्हणून व्यायल्यानंतरच्या उपासमारीत वाढलेली अंडपेशी बाहेर पडते, तेव्हा जनावर वरकरणी सावरलेले असते. ब्रिट यांनी १९९२ मध्ये केलेली ही मांडणी आकर्षक असली, तरी ती अधिक दूध देणाऱ्या होल्स्टीन गाईंच्या निरीक्षणांवर उभी आहे. ती म्हशीला जशीच्या तशी लावणे घाईचे होईल. उंदराची अंडपेशी जवळपास पारदर्शक, तर म्हशीची मेदबिंदूंनी भरलेली आणि गडद. तिच्या ऊर्जेचा साठाच निराळा. तरीही चयापचयाचे विवेचन बहुतांशी उंदराच्याच आधारे होत राहते.

त्यात शहरी तबेल्यांची जुनी रीत अशी की, ताजी व्यालेली म्हैस विकत आणावी, दूध आटेपर्यंत ठेवावी आणि भाकड झाली की काढून टाकावी. तिने पुन्हा माजावर यावे, गाभण राहावे, ही निकड तेथे फारशी नसते. साहजिकच ऊर्जेच्या तुटीने तिच्या अंडपेशीचे काय झाले, हे त्या तबेल्याच्या हिशेबात कोठेच उमटत नाही.